१८६० ची निवडणूक आणि अमेरिकेची फूट: लिंकन मतविभागणीमुळे आला का?

नमस्कार. तुम्हाला ज्यावर उत्तर लिहायचे आहे तो प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देते आहे ते स्पष्ट राहील. तुम्ही म्हणता की १८६० च्या अध्यक्षीय निवडणुकीत अब्राहम लिंकनला ४० टक्केसुद्धा मते नव्हती. उरलेली ६० टक्के तीन उमेदवारांत वाटली गेली, त्यामुळे तो निवडून आला आणि काही आठवड्यांतच देश फुटायला लागला. मग विरोधक एकत्र आले असते तर यादवी युद्ध टळले असते का? आणि निवडणूक देश फोडू शकते, असे म्हणता येते का? शेवटी तुम्ही आजच्या अमेरिकेबद्दलही विचारले आहे, त्यावर थोडेसेच बोलेन.

मी पदवी आणि एम.ए.च्या वर्गांना अमेरिकेचा इतिहास शिकवते. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये येतो, आणि तो येणे साहजिकही आहे. 'मतविभागणी झाली म्हणून पडला' हे निकालाच्या दिवशी आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात ऐकू येते. तेच गणित आपण लिंकनला लावून मोकळे होतो. पण ते तिथे लागू पडत नाही. का पडत नाही हे समजले की त्यामागचा खरा प्रश्न दिसतो: देशाचा एक अख्खा भाग वगळूनही अध्यक्ष निवडता येतो, हे कळल्यावर त्या भागाने काय करायचे?

आधी गणित. मी वर्गात फळ्यावर चार नावे लिहिते. गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणाऱ्या रिपब्लिकन पक्षाचा लिंकन, उत्तरेकडच्या डेमोक्रॅट्सचा स्टीफन डग्लस, दक्षिणेकडच्या डेमोक्रॅट्सचा जॉन ब्रेकिनरिज, आणि 'कॉन्स्टिट्यूशनल युनियन' नावाच्या नव्या पक्षाचा जॉन बेल. मते अनुक्रमे सुमारे १८ लाख ६६ हजार, १३ लाख ८० हजार, ८ लाख ४८ हजार आणि ५ लाख ९० हजार. पण अमेरिकेत अध्यक्ष ठरतो तो राज्यवार निर्वाचक मतांवर. प्रत्येक राज्याला ठरावीक निर्वाचक मते असतात आणि बहुतेक राज्यांत तिथे जिंकणाऱ्याला ती सगळी मिळतात. ती लिंकनला १८०, ब्रेकिनरिजला ७२, बेलला ३९ आणि डग्लसला १२. एकूण ३०३, म्हणजे बहुमताला १५२ हवीत. मग मुलांना सांगते, प्रत्येक राज्यात तिन्ही विरोधकांची मते एकत्र करा आणि लिंकनचे काय होते ते बघा.

दहा मिनिटांत वर्गात चुळबुळ सुरू होते. कारण लिंकनच्या हातून जातात ती फक्त कॅलिफोर्नियाची ४, ओरेगनची ३ आणि न्यूजर्सीतली ४ मते. उरतात १६९. तरीही तो अध्यक्षच! त्याने जिंकलेल्या बाकी सगळ्या राज्यांत त्याला निम्म्याहून जास्त मते होती, त्यामुळे विरोधक तीन असोत की एक, तिथला निकाल बदलत नव्हता. न्यूयॉर्कमध्ये तर विरोधकांनी खरोखरच एकत्र यादी उभी केली होती आणि तरी ते सुमारे ५० हजार मतांनी हरले. तुम्हाला जर-तर करायचेच असेल तर ते न्यूयॉर्कचे करा. त्या एका राज्याची ३५ निर्वाचक मते उलटली असती तर लिंकन १४५ वर अडकला असता आणि निवड प्रतिनिधीगृहाकडे, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाकडे, गेली असती. पण त्यासाठी मतदारांची मने वळवावी लागली असती, निव्वळ युती पुरली नसती.

याच तक्त्यात डग्लसकडेही बघा. लोकांच्या मतांत तो दुसरा, जवळजवळ ३० टक्के, आणि निर्वाचक मतांत शेवटचा. मिसूरीची ९ आणि न्यूजर्सीतली ३, बस्स. कारण एकच: त्याची मते साऱ्या देशात पसरलेली होती. लिंकनची जवळजवळ सगळी एका बाजूला, ब्रेकिनरिजची बहुतेक दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडे पाय ठेवून उभा राहू पाहणाऱ्या उमेदवाराला या पद्धतीने चिरडले. मला स्वतःला १८६० च्या निवडणुकीतली सगळ्यात दुःखद व्यक्ती डग्लस वाटतो. ऑक्टोबरमध्ये पेनसिल्व्हेनिया आणि इंडियानाच्या राज्य निवडणुकांचे निकाल आले, तेव्हाच लिंकन येणार हे त्याने ओळखले. आता स्वतःसाठी मते मागण्यात अर्थ नाही हे कळल्यावर तो दक्षिणेत गेला आणि निकाल काहीही लागो, संघराज्य मोडू नका, असे गावोगाव सांगत फिरला. मतदानाच्या दिवशी, ६ नोव्हेंबरला, तो अलाबामातल्या मोबीलमध्ये होता. पुढच्या जूनमध्ये वारला.

आता एक बारीक गोष्ट. दक्षिणेकडच्या दहा राज्यांत 'लिंकनचे नाव मतपत्रिकेवरच नव्हते' असे सगळीकडे लिहिलेले असते आणि विद्यार्थ्यांना वाटते की कुणीतरी ते कायद्याने काढून टाकले. तसे नव्हते. त्या काळी सरकार मतपत्रिका छापत नसे. प्रत्येक पक्ष आपल्या निर्वाचकांची नावे छापलेली तिकिटे स्वतः वाटायचा. मतदाराने ते तिकीट घेऊन पेटीत टाकायचे. दक्षिणेत रिपब्लिकन तिकीट छापणारा आणि वाटणारा माणूसच नव्हता, कारण ते करणे जिवावर बेतले असते. व्हर्जिनियात तर तोंडी मतदान होते, म्हणजे चारचौघांत उभे राहून नाव उच्चारायचे. तिथे लिंकनला १,८८७ मते पडली. त्यातली बहुतेक राज्याच्या वायव्य कोपऱ्यातून आली, आणि तो डोंगराळ भाग पुढे १८६३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया म्हणून वेगळा झाला. पक्ष देशव्यापी राहिला नाही म्हणजे प्रत्यक्षात काय होते, ते या तिकिटांवरून कळते. निम्म्या देशात तुमचे नाव घ्यायला माणूस मिळत नाही.

ही अवस्था एका वर्षात आलेली नव्हती. मेथडिस्ट चर्च १८४४ मध्ये आणि बॅप्टिस्ट १८४५ मध्ये गुलामगिरीवरून उत्तर-दक्षिण असे फुटले होते. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने, अजून राज्य न झालेल्या त्या नव्या प्रदेशांत गुलामगिरी ठेवायची की नाही हे तिथल्या रहिवाशांवर सोडले. त्यानंतर व्हिग हा दुसरा मोठा पक्ष संपला. दोन्ही बाजूंचे पुढारी एका मांडवात बसतील अशी मोठी संघटना उरली ती डेमोक्रॅटिक पक्षाची. तो एप्रिल १८६० मध्ये साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्स्टनच्या अधिवेशनात मोडला. नव्या प्रदेशांत गुलाम ठेवण्याच्या हक्काला केंद्राने संरक्षण द्यावे, हे पक्षाच्या जाहीरनाम्यात लिहा, अशी दक्षिणेची मागणी होती. डग्लसच्या माणसांनी ती मानली नाही. दक्षिणेचे प्रतिनिधी उठून गेले. उमेदवारीला दोन-तृतीयांश मते लागत. ५७ फेऱ्या झाल्या तरी डग्लसला ती मिळाली नाहीत. निवडणूक देश फोडते का, या प्रश्नाचे माझे उत्तर इथून सुरू होते. नोव्हेंबरात मते मोजली तेव्हा फूट आधीच होती. मतमोजणीने ती आकड्यांत दाखवली आणि फुटून निघायला टपलेल्यांच्या हाती तारीख दिली.

पण म्हणून दक्षिणेच्या मतदारांनी फुटीला मत दिले होते का? इथे सावध राहा, कारण पाठ्यपुस्तके हा टप्पा भरभर ओलांडतात. गुलामगिरी असलेल्या १५ राज्यांत मिळून ब्रेकिनरिजला निम्म्याहून कमी मते होती. व्हर्जिनिया, केंटकी आणि टेनेसी बेलने जिंकली, आणि बेलचा सगळा प्रचार संविधान आणि संघराज्य एवढ्यावरच होता. खुद्द ब्रेकिनरिजही प्रचारात स्वतःला फुटीरवादी म्हणवत नव्हता. तो त्या वेळी देशाचा उपाध्यक्ष होता. फेब्रुवारी १८६१ मध्ये निर्वाचक मतांची मोजणी झाली तेव्हा सभागृहाच्या अध्यक्षस्थानी तोच होता आणि लिंकन निवडून आल्याची घोषणा त्यानेच केली. तोपर्यंत सात राज्ये बाहेर पडली होती. वर्षअखेरीस तो स्वतः बंडखोर सैन्यात होता.

सर्वांत आधी बाहेर पडले ते साउथ कॅरोलिना. तिथे अध्यक्षपदासाठी सामान्य माणसाचे मतदान होतच नसे, निर्वाचक विधिमंडळच नेमायचे. २० डिसेंबर १८६० ला, फुटायचे की नाही हे ठरवण्यासाठी बोलावलेल्या तिथल्या परिषदेने १६९ विरुद्ध ० असा ठराव केला. एकही विरोधी मत नाही. या राज्यातली निम्म्याहून जास्त माणसे गुलाम होती, त्यांचे मत विचारण्याचा प्रश्नच नव्हता. 'दक्षिणेने ठरवले' असे आपण सहज लिहून जातो. ते कोणी ठरवले हे उत्तरात जरूर लिहा.

मग घाई कशाची होती? जॉर्जियाचा पुढारी अलेक्झांडर स्टीफन्स १४ नोव्हेंबरला तिथल्या तेव्हाच्या राजधानीत, मिलेजव्हिलमध्ये, आपल्या लोकांना हेच विचारत होता. त्याचे म्हणणे असे: संविधानाप्रमाणे एक माणूस निवडून आला, एवढ्यावर संघराज्य सोडायला कारण पुरत नाही. काँग्रेसची (म्हणजे अमेरिकी संसदेची) दोन्ही सभागृहे लिंकनच्या विरोधात आहेत, तो करणार काय? मुद्दा खरा होता. शिवाय जिथे गुलामगिरी आहे तिथे हात लावणार नाही, फक्त नव्या प्रदेशांत तिचा विस्तार होऊ देणार नाही, असे लिंकनचा पक्ष उघड सांगत होता. तरीही स्टीफन्स हरला. फेब्रुवारीत तोच बंडखोर राज्यांचा उपाध्यक्ष झाला. मार्चमध्ये जॉर्जियातल्याच सव्हाना शहरात त्याने जाहीर सांगितले की आपल्या नव्या सरकारचा कोनशिला-दगडच मुळी काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हा आहे.

गुलाम राबवणाऱ्या मळेवाल्यांचे भय पुढच्या दहा-वीस वर्षांचे होते. वॉशिंग्टनपासून लिंकनपर्यंतच्या काळात सुमारे दोन-तृतीयांश वेळ अध्यक्ष हा गुलामांचा मालक होता. आता उत्तरेची लोकसंख्या वाढत होती आणि नवी राज्ये गुलामगिरीविना येणार होती. दक्षिणेचे एकही निर्वाचक मत नसताना माणूस अध्यक्ष होतो, हे एकदा झाले म्हणजे दर चार वर्षांनी होणार. त्यात अध्यक्षाच्या हातात नेमणुका असतात. गावोगावचे पोस्टमास्तर तोच नेमतो. दक्षिणेतली टपाल खाती गुलामगिरीविरोधी पत्रके अडवून धरत होती. उद्या लिंकनचा पोस्टमास्तर बसला तर? गुलाम नसलेल्या गरीब गोऱ्या शेतकऱ्यांत त्याने रिपब्लिकन पक्ष उभा केला तर? मला हे कारण फार महत्त्वाचे वाटते, कारण ते दूरच्या तत्त्वाचे नाही, गावातल्या सत्तेचे आहे. हरलेल्याला पुढच्या खेपेला आपण जिंकू शकतो असे वाटले तर तो थांबतो. इथे मळेवाल्यांना तसे वाटेनासे झाले होते, आणि पणाला लागलेली गोष्ट होती जवळजवळ ४० लाख माणसांवरची मालकी.

तडजोडीचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. सिनेटर क्रिटेंडनने जुनी ३६ अंश ३० मिनिटांची रेषा (तिच्या दक्षिणेला गुलामगिरी चालेल, उत्तरेला नाही) पश्चिमेपर्यंत नेण्याचा प्रस्ताव आणला. विस्तारावर माघार नाही म्हणून लिंकनने तो नाकारला. मार्च १८६१ च्या सुरुवातीला काँग्रेसने, राज्यांतल्या गुलामगिरीला केंद्र कधीच हात लावणार नाही, अशी घटनादुरुस्तीसुद्धा मंजूर केली आणि लिंकनने अध्यक्ष म्हणून केलेल्या पहिल्याच भाषणात तिला हरकत घेतली नाही. सातपैकी एकही राज्य परतले नाही.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून होते ते सांगते, कारण 'हे होणारच होते' असे मी म्हणणार नाही. निवडणुकीने सात राज्ये गेली, अकरा नाही. उरलेली चार, म्हणजे व्हर्जिनिया, आर्कान्सा, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिना, निकाल पाहूनही थांबली होती. व्हर्जिनियाच्या परिषदेने ४ एप्रिलला फुटीचा ठराव फेटाळला आणि १७ एप्रिलला मंजूर केला. मधल्या तेरा दिवसांत चार्ल्स्टनच्या बंदरातल्या फोर्ट सम्टर या केंद्राच्या किल्ल्यावर बंडखोरांनी तोफा डागल्या आणि लिंकनने ७५ हजार स्वयंसैनिक मागवले. म्हणजे या चार राज्यांना नेले ते युद्धाने. केंटकी, मिसूरी, मेरीलँड आणि डेलावेअर गुलामगिरी असूनही गेलीच नाहीत. निकाल सगळ्यांसाठी एकच होता, प्रतिसाद राज्यागणिक वेगळा.

दुसरी गोष्ट म्हणजे मधला काळ. निवड ६ नोव्हेंबरला आणि शपथ ४ मार्चला. चार महिने मावळता अध्यक्ष जेम्स ब्यूकॅनन खुर्चीत होता. संघराज्य सोडणे बेकायदा आहे, पण रोखण्याचा अधिकार मला नाही, अशी त्याची भूमिका. या चार महिन्यांत सात राज्यांनी माँटगमेरीत नवे सरकार बसवले, किल्ले आणि शस्त्रागारे ताब्यात घेतली. लिंकनला शपथेआधी काहीच करता येत नव्हते. पुढे १९३३ च्या विसाव्या घटनादुरुस्तीने शपथ २० जानेवारीवर आणली. मधला काळ लहान असता तर युद्ध टळले असते असा माझा दावा नाही, पण फुटीला इतकी मोकळी वाट मिळाली नसती.

'युद्ध गुलामगिरीसाठी नव्हते, राज्यांच्या हक्कांसाठी होते' असे उत्तर तुम्हाला कुठेतरी वाचायला मिळेल. ते लिहू नका. मिसिसिपीने बाहेर पडताना जे निवेदन काढले त्यात आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे, असे सुरुवातीलाच म्हटले आहे. आणि आपल्याला दूर जायची गरजही नाही. १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली. युद्ध संपून जेमतेम आठ वर्षे झाली होती आणि ते कशासाठी झाले हे फुल्यांना स्वच्छ माहीत होते. (खानदेश-वऱ्हाडच्या शेतकऱ्याला ते युद्ध दुसऱ्या वाटेने कळले. अमेरिकेचा कापूस बंद झाल्याने इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत कंपन्यांचे पेव फुटले आणि १८६५ मध्ये शांतता होताच सगळे कोसळले. आपल्या कापसाशिवाय इंग्लंडचे चालणार नाही, हा दक्षिणेचा हिशेब चुकण्यात इजिप्तबरोबर आपल्या काळ्या मातीचाही वाटा आहे.)

तुमच्या प्रश्नाचा सर्वसाधारण भाग: निवडणूक देश फोडू शकते का? १८६० शेजारी १८७६ ठेवून बघा. डेमोक्रॅट सॅम्युअल टिल्डनला निम्म्याहून जास्त मते आणि १८४ निर्वाचक मते, बहुमताला १८५ हवीत. रिपब्लिकन रदरफोर्ड हेजला १६५. फ्लोरिडा, लुईझियाना, साउथ कॅरोलिना आणि ओरेगनची मिळून २० मते वादात. युद्ध संपून अकरा वर्षेच झालेली, पुन्हा बंदुका निघतील अशी भाषा. १५ जणांचा आयोग नेमला, त्याने प्रत्येक वादग्रस्त मत ८ विरुद्ध ७ ने हेजला दिले आणि तो १८५ विरुद्ध १८४ असा आला. देश फुटला नाही. पण पाठोपाठ, एप्रिल १८७७ मध्ये, लुईझियाना आणि साउथ कॅरोलिनाच्या राज्यभवनांवरचे केंद्राचे सैनिक हटवले गेले आणि नुकताच मताचा अधिकार मिळालेला काळा माणूस तिथल्या गोऱ्या सत्ताधाऱ्यांच्या हवाली झाला. तो अधिकार त्याच्या नातवंडा-पतवंडांना परत मिळायला १९६५ उजाडावे लागले. म्हणून 'फूट टळली' हे वाक्य मी वर्गात एकटे सोडत नाही. टळली तर कोणाच्या जिवावर, हेही विचारायला लावते. १८६० मध्ये क्रिटेंडनचा प्रस्ताव मान्य झाला असता तर अशीच शांतता लाभली असती आणि तिची किंमत ४० लाख माणसांनी भरली असती. लिंकनने विस्तारावर माघार घेतली नाही, हे मला बरोबर वाटते.

आजच्या अमेरिकेबद्दल एवढेच: १८६० चा नकाशा जसाच्या तसा लावू नका. तेव्हाची रेघ राज्यांच्या मधून जात होती, आजची प्रत्येक राज्याच्या आत, शहर आणि खेडे यांच्या मधून जाते. टेक्सासमध्ये लाखो डेमोक्रॅट आहेत, कॅलिफोर्नियात लाखो रिपब्लिकन. एखादे राज्य उचलून बाहेर पडणे त्यामुळे अवघड आहे. ६ जानेवारी २०२१ ला काँग्रेसमध्ये निर्वाचक मतांची मोजणी चालू असताना हरलेल्या ट्रम्पच्या समर्थकांचा जमाव आत घुसला, ते मात्र मला १८६० च्या शेवटच्या दुव्याशी जोडून पाहावेसे वाटते: हरलेला निकाल मानतो की नाही. ब्रेकिनरिजने निदान मोजणी पुरी करून निकाल वाचला होता.

उत्तर लिहायला बसण्याआधी दोन गोष्टी मुळातून वाचा. साउथ कॅरोलिना, मिसिसिपी, जॉर्जिया आणि टेक्सासने बाहेर पडताना दिलेली कारणांची निवेदने, आणि ४ मार्च १८६१ चे लिंकनचे भाषण. दोन्ही इंटरनेटवर सहज मिळतात आणि फार मोठी नाहीत. वाचताना कुठे अडलात तर इथेच विचारा.